लोकल फोल्डरमधलं गाणं

कापूस वेचणीला आला की आमच्या रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. फुलं नसतात ती. तट्ट भरलेले टेम्पो फांद्यांना घासून जातात आणि काट्याकाट्याला एकेक पुंजका अडकून राहतो. वाऱ्याने हलतो, सुटत नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मी रोज सकाळी गावाहून घनसावंगीला दुकान उघडायला येतो तो हे पुंजके बघत बघत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते छान वाटत असतील. माझ्या कानात मात्र त्यांच्यासोबत एका बाईचा आवाज सुरू होतो. बारा-तेरा वर्षं झाली, तो बंद करता आलेला नाही.

मी बोलका माणूस नाही. 'किती?' 'कोणतं?' 'उद्या या.' एवढ्यावर माझा दिवस निघतो. बायको म्हणते, "तुमच्या पोटातलं काढायला पान्हा लागंल." ती हसण्यावारी म्हणते. मी तेव्हा दुसरीकडे बघतो.

परवा एक म्हातारे बाबा मुलाने घेऊन दिलेला नवा फोन घेऊन आले. काउंटरवर ठेवला, उलटा केला, सुलटा केला, कडेने अंगठा फिरवला.

"ह्यात चिप कुठं घालायची?"

"बाबा, ह्याला चिप लागत न्हाई. आतच लई जागा हाय."

"लागत न्हाई म्हंजे? मंग माझी गाणी?"

"गाणी आता नेटवर असतात."

"असतील हो नेटवर. माझी कुठंयत?"

त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली, त्यातून कागदाची पुडी, आणि पुडीतून ते. नखाएवढं, काळं, एका कोपऱ्याला कापल्यासारखं. मेमरी कार्ड. माझा हात सवयीने पुढे गेला आणि तसाच मागे आला. कार्ड-रीडर दुकानात आता शोधावा लागतो. झेरॉक्स आहे, फॉर्म भरणं आहे, आधारवरचा पत्ता बदलणं आहे. फोनसुद्धा विकतो, पण त्यांना खाच नसते. बाबांनी ते पुन्हा पुडीत बांधलं आणि डबीत ठेवलं.

एक काळ असा होता की या नखाएवढ्या तुकड्यावर माझं घर चालत होतं. सांगून आजच्या पोरांना खरं वाटत नाही. नेट फक्त माझ्या कॉम्प्युटरला, आणि तेही मर्जीने चालणारं. फोन सगळ्यांकडे आलेले, मोठ्या आवाजाचे, वाजताना लाल-निळे दिवे लावणारे. पण फोन रिकामा. तो भरायला माणसं माझ्याकडे यायची. 'मेमरी भरून मिळेल' अशी पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढे अशी गर्दी, की आपली फळी उचलून मला मुतारीला जाता येत नसे. पाच बाय सहाची टपरी. पुढे काच, मागे पत्रा, मध्ये मी. कार्डं यायची ती कशाकशातून. पावडरच्या डबीतून, पदराच्या गाठीतून, टोपीच्या घडीतून. एक गडी तर दाताखाली धरून आणायचा. पुष्कळ घरांत फोन एक आणि कार्डं दोन असत. नवऱ्याचं एक, बायकोचं एक. संध्याकाळी नवऱ्याचं काढायचं आणि हिचं घालायचं. बाईच्या मालकीचं घरात दुसरं काही नसेल, पण ते दोन जीबी तिचे असत.

माझ्या कॉम्प्युटरवर फोल्डरं होती. भीमगीतं, भक्तीची, लग्नाची, कव्वाल्या, डीजे. आणि एक होतं 'लोकल'. त्यात जिल्ह्यातले शाहीर, गायनपार्ट्या, कुणाच्या तरी जागराचं रेकॉर्डिंग, कुठल्याशा गावच्या विहारातलं मुलांचं गाणं. समोरच्या दुकानात नसलेलं माझ्याकडे असावं, म्हणून ते फोल्डर मी वाढवत होतो. वाढवत होतो म्हणजे कसं, तेच आज सांगायचं आहे. लोक कार्ड भरायला देत. कार्ड लावलं की त्यातलं सगळं समोर दिसतं. गाणी, फोटो, लेकराचं हसणं, लग्नातली गडबड. काही चांगलं दिसलं की मी ते हळूच माझ्याकडे ओढून घ्यायचो. कुणाला विचारायची रीत नव्हती. धंद्यातले सगळेच तसं करत, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खरंही होतं. त्याने काही हलकं होत नाही.

आमच्या घराला लागून दोन जावांची घरं. थोरली कौसाबाई, धाकटी शोभा. त्यांचे नवरे माझ्या भावकीतले, म्हणून मी दोघींना वहिनी म्हणतो आणि त्या मला भाऊजी. दोघी वेचणीला जोडीने जायच्या. एकीच्या शेजारची पात, म्हणजे वेचायची ओळ, दुसरी धरणार हे ठरलेलं. कौसावहिनी पुढे, शोभावहिनी अर्धा हात मागे. दोघींच्या कमरेला कापूस टाकायच्या कापडी ओट्या, आणि त्या भरत जाताना बायका कशा पोटुशीसारख्या दिसतात! बोंडाची वाळलेली पाकळी नखाच्या कडेत घुसते. माझी बायको सुनंदाही वेचायला जाते, तिच्या बोटांना थंडीत बारीक चिरा पडतात आणि भाजीचं मीठ लागलं की ती ओठ चावते. तर अशा त्या पाती, आणि त्यावर कौसावहिनींचा आवाज. गळा फार गोड होता असं नाही. थोडा घोगरा, शेवटाला चिरल्यासारखा. पण त्या जुळवायच्या स्वतः. समोर दिसेल ते घ्यायचं आणि ओवीत बसवायचं.

त्यांचा भाऊ, उत्तम, अंबडच्या लाईनीवर काळी-पिवळी जीप चालवायचा. दिवसातून चार वेळा आमच्या फाट्यावरून जायचा. आमच्या वस्तीत दिवाळीच्या पणत्या फारशा लागत नाहीत, पण लेकीबाळी माहेरी यायचे दिवस तेच. कौसावहिनी तीन वर्षं वाट बघत होत्या. उत्तम काही न्यायला आला नाही. काय बिनसलं होतं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. त्या वर्षी त्यांनी जुळवलं:

रानं झाली पांढरी, बाई बोंड उमलून गेलं
लेकीसुना माहेराला, माझं गठुडं राहून गेलं

जीप येती, जीप जाती, फाट्याला धुरळा उडं
भाऊ माझा शहाणा गं, त्याला रस्ता न सापडं

शोभावहिनींनी ते फोनवर धरलं. कौसावहिनी म्हणाल्या होत्या, "धर, पण तुझ्यापाशीच ठिव शोभे. घरचं हाय ते." शोभावहिनींनी त्यांच्या गळ्याची आण घेतली होती. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी थांबलो असतो का? आज पन्नाशीत बसून 'हो' म्हणणं सोपं आहे.

शोभावहिनींचं कार्ड चार जीबीचं. नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या दुकानात आल्या, पदराची गाठ सोडली. "भाऊजी, भीमगीतं टाका नवी. जल्दी करू नका, मी बाजार करून येते." मी कार्ड लावलं. रेकॉर्डरच्या फोल्डरमध्ये एकच फाईल होती. हेडफोन लावून ऐकली. मागे वाऱ्याचा खरखराट, कापसाच्या पराट्यांची सळसळ, एक बाई खोकतेय, आणि त्यातून तो आवाज. माझ्या अंगावर काटा आला हे खरं आहे. चांगलं वाटलं म्हणून घेतलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण पूर्ण खरं असं, की त्याच आठवड्यात समोरच्याकडे नवा माल आला होता आणि माझं गिऱ्हाईक तिकडे वळत होतं. मी फाईल 'लोकल'मध्ये टाकली. नाव दिलं, 'वेचणी'. शोभावहिनी आल्या, कार्ड घेतलं, मला पिशवीतला एक पेरू दिला. तो मी खाल्ला.

आठ दिवसांत ते गाणं माझ्या दुकानातलं सगळ्यात मागणीचं गाणं झालं. 'ते वेचणीचं टाका हो.' टेम्पोवाले, मळणीवाले, जिनिंगवरचे हमाल. आवाज कुणाचा हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या 'शहाणा गं' वर सगळे हसायचे. आमच्या गावात मात्र ते पोचलं नव्हतं, याचीही मी मनातल्या मनात खात्री करून घेत होतो. म्हणजे आपण काय केलंय हे मला बरोबर कळत होतं.

मग एके दिवशी उत्तम आला. घाईत. जीप चालूच ठेवून. "मिलिंदभाऊ, जीपच्या टेपात चिप बसती आता. जे नवं असंल ते टाका सगळं. पॅसेंजर कटाळले त्याच त्या गाण्याला." बाहेर त्याच्या जीपचा हॉर्न दुसराच कुणीतरी वाजवत होता. मागे पाच माणसं उभी. मी 'लोकल' उचललं आणि आख्खं टाकलं. हिरवी पट्टी सरकत गेली. त्याची बहीण त्या पट्टीत बसून सरकत होती, आणि मी पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलं होतं. उत्तम कुणाचा भाऊ हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्या मिनिटाला आठवलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी एक जीपवाला काचेवर टेकून सांगायला लागला, हसता हसता त्याला खोकला येत होता.

"अहो, उत्तमची पार जिरली आज! गाडी फुल्ल भरेल, आन गाणं लागलं. एक म्हातारी मागून म्हणती, आरं हा तर कौसीचा आवाज! ही तर हिच्याच भावाची जीप! मंग काय, एकजण म्हणतो, उत्तमशेठ, रस्ता सापडंना का? उतरून दावू का? सगळी जीप हसून राह्यली. त्यानं मधीच फाट्यावर उतरवली मानसं."

उत्तमने टेपातलं कार्ड काढलं होतं आणि तसाच रानात गेला होता. तिथलं मला सुनंदाने चुलीपाशी सांगितलं. भाकरी थापता थापता. "उत्तम आल्ता हो रानात. चाळीस बायांपुढं. कौसाआक्काच्या हातावर चिप ठिवली आन म्हणला, घे तुझं गाणं, आता माझ्या दाराला येऊ नको. आक्का नुसती बघतच राह्यली. तिला कळंचना काय झालं ते." मग तवा उचलून ती म्हणाली, "शोभीनंच दिलं असंल कुणाला. फोन तिचाच."

मी म्हणालो, "असंल."

तो एक शब्द मी अजून गिळलेला नाही.

तीन दिवसांनी दोघी जावा दुकानात आल्या. एकत्र आल्या, याचा अर्थ अजून काही तुटलेलं नव्हतं. शोभावहिनींचे डोळे सुजलेले. कौसावहिनी काचेला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांत कापसाचे बारीक तंतू तसेच होते.

"भाऊजी, तुम्ही ह्यातले जाणते. ही म्हणती, तिनं कुणाला दिलं न्हाई. तुमच्याकडं भरायला दिल्तं तेवढंच. चिप भरायला दिली तर आतलं तुमाला दिसतं का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती असल्यामुळे मी खोटं बोललो असं म्हणणार होतो, पण नाही. रिकामं असतं तरी बोललो असतो.

"न्हाई वहिनी. आमचं काम नुसतं भरायचं. जुनं आमाला दिसत न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

कौसावहिनींनी जावेकडे पाहिलं. शोभावहिनींनी माझ्याकडे. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. त्या बिचाऱ्या स्वतःचीच चूक शोधत होत्या. म्हणाल्या, "मंग भाऊजी, ते ब्लूटूथ का काय असतं, त्याच्यातून आपोआप जात असंल का? फोन उशाला असतो माझा..."

त्यांनी मला वाट करून दिली होती. 'जातं कधीकधी' एवढं म्हणालो असतो तरी सगळं मिटलं असतं. एवढं लहान खोटं त्या मागत होत्या. पण मला वाटलं, असं म्हटलं तर आणखी विचारतील, कुणाच्या फोनात गेलं, कुठून कुठे गेलं, आणि धागा धरत धरत माझ्या कॉम्प्युटरपर्यंत येतील. म्हणून मी जाणत्या माणसाच्या आवाजात सांगितलं, "आपोआप कसं जाईल? कुणीतरी पाठवल्याशिवाय जात न्हाई."

कौसावहिनींनी काचेवरचे हात काढून घेतले आणि रस्त्याला लागल्या. शोभावहिनी मागून गेल्या, "आक्का, आक्का," म्हणत. मी फळीच्या आत होतो. फळी उचलून चार पावलं टाकायची होती.

त्या हंगामात पुढे दोन घरांच्या मधलं तारेचं कुंपण निघून तिथे विटांची भिंत झाली. रानात शोभावहिनींच्या शेजारची पात धरायला कुणी बाई पुढे होईना. 'हिच्यापुढं तोंड उघडायची सोय न्हाई,' म्हणत. त्या कडेची शेवटची पात धरू लागल्या. आणि कौसावहिनी गायच्या बंद झाल्या. सुनंदा सांगायची, रान आता कसं मुक्याने वेचून होतं, दिवस सरता सरत नाही.

मी काय केलं? मी गाणं कॉम्प्युटरमधून काढलं. मग काचेवर नवा कागद लावला, 'जुनं कार्ड आणा, नवीन गाणी फुकट भरून घ्या.' लोक आले. मी एकेक कार्ड लावायचो, 'वेचणी' शोधायचो, उडवायचो, आणि बाकीची गाणी भरून द्यायचो. समोरचा दुकानदार म्हणाला, "येडं लागलं का तुला? धर्मादाय दवाखाना उघडला का?" महिनाभर मी हे केलं. एका कार्डातून काढावं तर माणूस म्हणायचा, "अरे, ते वेचणीचं गेलं वाटतं, थांब, मेव्हण्याकडून घेतो." आणि बसल्या बसल्या दोन फोन एकमेकांना चिकटवून, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच काउंटरवर ते परत यायचं. वाजवून बघायचा. 'भाऊ माझा शहाणा गं.' मी काचेच्या आत, तोंडावर हसू. तेव्हा मला कळलं की आपण गाणं सोडलं ते बाहेर मोकळं फिरतंय आणि आपण आत बसलोय.

स्टँडवरची जीप सुरू झाली की ते यायचं. लग्नाच्या मांडवात, मळणीयंत्राच्या घरघरीत, पिठाच्या गिरणीत यायचं. मी एकदा मुलीच्या कॉलेजच्या कामाला जालन्याला गेलो होतो, मस्तगडच्या उतारावर चहा पीत होतो, तिथे हातगाड्यावर यायला लागलं. चहा टाकून निघालो. काही वर्षांनी फोन बदलले, कार्डं गेली, गाणं विरत गेलं. मला वाटलं सुटलो. पण गाणं ऐकू येईनासं झालं आणि भिंत तशीच. रोज सकाळी दात घासताना समोर भिंत.

सांगायचं असं मी दर वेचणीला ठरवायचो. मग वाटायचं, आता जखम वाळली, कशाला उकरायची. खरं म्हणजे जखम त्यांची होती आणि वाळली असं मीच ठरवत होतो. जितकी वर्षं जात तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता गाणं घेतल्याचंच नव्हे, गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं.

यंदा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि शोभावहिनी दुकानात आल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा. आधारवरचा पत्ता बदलायचा होता.

"पोरगं चाकणला नेऊन राह्यलं. कंपनीत लागलाय. संक्रांत झाली की जायचं, भाऊजी. घराला कुलूप."

मी बोटांचं मशीन पुढे केलं. त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. वेचून वेचून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीन ओळखत नाही. मी म्हणालो, "दाबून धरा, वहिनी. दुसरं बोट लावा." दहाही बोटं झाली. त्या हसल्या.

"मशीनलाबी मी खरी वाटंना बगा. ईस वर्षं राबले ह्या गावात. आन जाताना बराबर काय नेऊन राह्यले, तर जावंचं गाणं विकलेली हे नाव."

हे त्या मला टोचून बोलल्या नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं. त्या मला, शेजाऱ्याला, मन मोकळं करून सांगत होत्या.

मी त्यांना म्हणालो, "उद्या या." मग शटर ओढलं.

गावात आलो आणि आधी कौसावहिनींकडे गेलो. त्या अंगणात कापसातला कचरा निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. कार्ड, फाईल, उत्तमचं भरणं, 'दिसत न्हाई' म्हणालो ते, ब्लूटूथचं म्हणालो ते. सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. वाळलेलं पान काढायचं, बाजूला टाकायचं. मान वर न करता म्हणाल्या,

"शोभीला सांगितलं का?"

"न्हाई. आधी तुमच्याकडं आलो."

"का? गाणं माझं म्हणून? नाव तर तिचं गेलं."

मी म्हणालो, "उत्तमलाबी जाऊन सांगतो. पाया पडतो त्याच्या."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "त्याला काय सांगता? गाण्यात खोटं काय होतं? तो आधीबी येत नव्हता, मागूनबी आला न्हाई. तेवढं एक तुमच्या माथ्यावर न्हाई." मग मांडीवरचा कापूस झटकून उठल्या. "बाकी समदं हाय. चला."

भिंतीला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. तेरा वर्षांत त्या उंबऱ्याला त्या गेल्या नव्हत्या. शोभावहिनी भांडी पोत्यात बांधत होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जात नाही, उलट शब्द जास्त ऐकू येतात. शोभावहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे, जावेकडे बघत होत्या.

"ह्यांनी सांगितलं म्हणून आता खरं वाटलं का, आक्का? मी सांगत होते तवा?"

कौसावहिनी पदराला चिकटलेला कापूस काढत राहिल्या.

"ह्यांचं एक बोलणं धरलं. माझं समदं जन्माचं बोलणं सोडलं."

मला वाटलं होतं माझं खरं बाहेर आलं की दोघी गळ्यात पडतील. इतकी वर्षं मी त्याच चित्राची राखण केली होती. आता कळलं, मी भिंत बांधली होती, पण तिला आधार दोन्ही बाजूंनी मिळाला होता. मी माझी वीट काढल्याने ती पडणार नव्हती.

शोभावहिनी मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "भाऊजी, हितं दारात सांगून मला काय करायचं? रानात सांगा. माझ्या शेजारची पात कुणी धरत नव्हतं, तिथं सांगा."

मंगळवारी दुकान बंद ठेवलं. बायांच्या टेम्पोत बसून रानात गेलो. सुनंदा वाटेत तीनदा म्हणाली, "बरं वाटंना का? रानात काय काम काढलं?"  दुपारी भाकरीला सगळ्या कडुलिंबाखाली बसल्या, तेव्हा उभा राहिलो. माझा आवाज मोठा नाही. मागच्या बाया 'काय म्हणतो, काय म्हणतो' करत होत्या, म्हणून पहिल्यापासून दोनदा सांगावं लागलं. सांगून झाल्यावर नुसते चावण्याचे आवाज. मग सगळ्यात म्हाताऱ्या बाईने विचारलं,

"मंग एवढी वर्षं तोंडात काय कापूस कोंबला होता का रे मेल्या?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सुनंदाने हातातला भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला, फडकं बांधलं, आणि माझ्याकडे न बघता दूर जाऊन बसली. 'शोभीनंच दिलं असंल' हे तीही कितीदा बोलली होती. मी तिला ते बोलू दिलं होतं. एकदोन बाया शोभावहिनींकडे बघत होत्या. शोभावहिनी ताक पीत होत्या. ग्लास पूर्ण रिकामा केला, पालथा घातला.

जेवणं झाली. बाया पातीला लागल्या. शोभावहिनींनी सवयीने कडेची पात धरली. कौसावहिनी आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. शोभावहिनींनी ओटी सावरली आणि दोन पाती सोडून पलीकडे गेल्या. कौसावहिनी पराट्या ओलांडून पुन्हा शेजारी. शोभावहिनी पुन्हा सरकल्या. मुकादम ओरडला, "आगं बायांनो, काय खेळून राह्यल्या? पाती सोडू नका!"

"हिला सांगा," शोभावहिनी म्हणाल्या.

कौसावहिनी तिसऱ्यांदा आल्या. शोभावहिनी या खेपेला हलल्या नाहीत. दोघी खाली वाकल्या आणि वेचायला लागल्या. बोलल्या मात्र नाहीत.

मी लिंबाखाली तसाच. मला कुणी जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. म्हातारी जाता जाता म्हणाली, "उभं काय राह्यलास? आलाच हायस तर एक पात धर." तिने एक जुनी ओटी माझ्याकडे फेकली. ती कमरेला बांधता येईना, मी गाठ मारून गळ्यात अडकवली आणि उरलेल्या पातीला लागलो. पहिल्याच बोंडाला पाकळी नखात घुसली. बायांचे हात दोन बोंडांना लागतात तेव्हा माझा एकाला लागत होता, आणि तेही अर्धं आत राहत होतं. ओळ पुढे पुढे गेली. चोळ्यांचे रंग लहान होत गेले. उन्हं कलली तेव्हा त्या दोघी जावा बांधावर पोचल्या होत्या आणि ओट्या पोत्यात ओतत होत्या.

माझी पात अर्ध्यावर आली होती. पुढे सगळं पांढरं होतं.